आडनाव काय म्हणालात? : बडोदा १९१७ ते आजचे भाड्याचे घर

स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर फ्लॅट. भाडे पटते, डिपॉझिट ठरते. मग एजंट विचारतो, "आडनाव काय म्हणालात?" दुसऱ्या दिवशी तोच फ्लॅट "गेलेला" असतो. हा अनुभव मी घेतला आहे, तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. "शहरात कुठे राहिली जात?" असे विचारणाऱ्यांना हा इतिहास सांगा.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी बडोदा स्टेशनवर उतरले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसापुढे पहिला प्रश्न होता, राहायचे कुठे? हिंदू हॉटेलात जात आड येणार होती. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला बजावले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आसरा द्यायचे टाळले. कमाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

म्हणजे पदवी होती, पगार होता, भाडे द्यायची तयारी होती. तरी छप्पर मिळाले नाही. गरिबी हे कारण नव्हतेच. आजही नसते. फक्त काठीची जागा "ओनरला व्हेज फॅमिलीच हवी" या गोड वाक्याने घेतली आहे.

खासगी घरमालकापुढे कायदा चालत नाही, असे आपल्यातलेच लोक म्हणतात. हे चूक आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास वा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ त्याहून महत्त्वाचे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० पासून अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे.

मग कमी कुठे पडते? पुराव्यात. नकार तोंडी येतो आणि आपण अपमान गिळून पुढचा एजंट शोधतो. यापुढे मेसेज जपून ठेवा, नकाराचे कारण लेखी मागा, घर पाहायला साक्षीदार घेऊन जा आणि तक्रार करताना संघटना सोबत घ्या.

बाबासाहेबांनी बडोद्याचा अपमान लिहून ठेवला, म्हणून तो आज पुरावा आहे. आपलाही लिहून ठेवू या.

जय भीम!