एक ठेका, अनेक गळे : जमैकातील रिदिम-संकलने

जमैकाच्या डान्सहॉल संगीतात ‘रिदिम’ म्हणजे गाण्याखालचा वाद्यांचा पाया, मुख्यतः ड्रम आणि बेस यांची ठरलेली घडण. चाल आणि शब्द त्याहून वेगळे मानले जात असल्याने एकाच रिदिमवर अनेक गायकांनी आपापली गाणी रचली, तरी तेथे ती उसनवारी ठरत नाही.

या प्रथेची मुळे 1960 च्या दशकातील किंग्स्टनच्या ‘साउंड सिस्टिम’मध्ये, म्हणजे मोकळ्या आवारात प्रचंड स्पीकर मांडून तबकड्या वाजवणाऱ्या मंडळींच्या चढाओढीत आहेत. दशकाच्या अखेरीस गायकाचा आवाज वगळलेले ‘व्हर्शन’ तबकडीच्या मागच्या बाजूवर येऊ लागले आणि ‘डीजे’, म्हणजे तेथील परिभाषेत वाजत्या संगीतावर लयीत बोलणारा कलावंत, याला मोकळी जागा मिळाली. 1970 मध्ये यू-रॉय याने ट्रेझर आयल स्टुडिओच्या जुन्या रिदिमांवर केलेल्या तबकड्यांनी ही कला लोकप्रिय केली. त्यामागे काटकसरही होती, कारण वादकांना त्या-त्या कामापुरते पैसे मिळत, फीत मात्र निर्मात्याकडे राही आणि तो ती हवी तितक्यांदा वापरी. ज्यांच्या बोटांतून हे ठेके उतरले, त्या वादकांवर हा उघड अन्याय होता आणि या परंपरेचे गुणगान करताना तो झाकता येत नाही.

रूपी एडवर्ड्स याचा 1974 चा ‘यामाहा स्कँक’ हा एकाच रिदिमवर बेतलेला पहिला अल्बम मानला जातो. मात्र खरी उलथापालथ 1985 मध्ये झाली : कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डमध्ये हिरोको ओकुदा या जपानी अभियंतीने आधीच भरून ठेवलेला ‘रॉक’ ठेका निर्माता किंग जॅमी याने संथ केला, त्यावर वेन स्मिथचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ ध्वनिमुद्रित झाले आणि पाठोपाठ असंख्य गायक त्याच ठेक्यावर गाऊ लागले. रिदिमसाठी स्टुडिओत वादकवृंद जमवण्याची गरज त्यानंतर झपाट्याने ओसरली.

पुढे लंडनच्या ग्रीनस्लीव्ह्ज कंपनीने 2000 पासून एकेका रिदिमचे स्वतंत्र अल्बम काढले. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन याच्या 2002 मधील रिदिमचे नाव ‘दिवाळी’ या भारतीय सणावरूनच आले. 1845 पासून करारबद्ध भारतीय मजूर ज्या बेटावर उतरले, तेथे हा सण परका नव्हता. या रिदिमचा जीव टाळ्यांच्या आडव्यातिडव्या आघातांत आहे. शॉन पॉल ‘गेट बिझी’मध्ये त्या आघातांना भिडून शब्द फेकतो, तर वेन वंडर ‘नो लेटिंग गो’मध्ये त्यांच्यावरून लांब, हळवे सूर ओढत नेतो, ही दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की गायकाचे स्वतःचे कर्तृत्व किती, हे अशा संकलनाइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच कळते.