चपट्या नाकाची गोळी

पेनसिल्व्हेनियात आलो तेव्हा हरणांचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा, त्या दिवशी गावची शाळासुद्धा बंद. शेजारच्या आजोबांकडे विंचेस्टर १८९४ रायफल होती. तिच्यासाठी काडतुसं घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो. मी टोकदार गोळ्यांचं खोकं उचललं, त्यांनी ते हळूच परत ठेवलं.

जॉन ब्राउनिंगने आखलेल्या या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. पुढच्याच्या बुडाला, म्हणजे थेट दारू पेटवणाऱ्या टोपीला, मागच्याचं नाक टेकतं. टोकदार नाक असेल तर बाराच्या धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो. म्हणून १८९५ पासून तिच्या थर्टी-थर्टी काडतुसाची गोळी चपट्या नाकाची. नावातला पहिला तीस म्हणजे शतांश इंचातला व्यास, दुसरा तीस ग्रेन बिनधुराची दारू. हवा कापताना चपटी गोळी लवकर मंदावते, पण तिथल्या दाट रानात हरीण दिसतं तेच जवळून. या शतकात मऊ, लवचीक टोकाच्या गोळ्या निघाल्या आणि ती जुनी अडचण सुटली.

आजोबांनी १७० ग्रेन वजनाच्या चपट्या गोळ्यांचंच खोकं घेतलं. जनावर तडफडू नये, एवढीच त्यांची काळजी होती. मला ती फार मोलाची वाटते.