मूत्रपिंड वाचले, रक्तदाब वाढला : प्रत्यारोपणाच्या औषधांचा इतिहास (थ्रेड)

१/ २३ डिसेंबर १९५४. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा भाऊ रिचर्ड याच्या शरीरात बसवले. भाऊ एकसारखे जुळे असल्याने शरीराने ते परके मानले नाही. पण ज्यांना असे भावंड नाही, त्यांचे काय? या प्रश्नाच्या उत्तराची किंमत रुग्ण आजही मोजत आहेत. ती कोणती, ते पाहू.

२/ परका अवयव टिकवायचा, तर शरीराची प्रतिकारशक्ती दडपणे भाग होते. १९६२ साली मरे यांनी अ‍ॅझाथायोप्रिनच्या आधाराने मृत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसवले. पुढच्याच वर्षी डेन्व्हरच्या थॉमस स्टार्झल यांनी प्रेडनिसोनची जोड देऊन, शरीर नाकारू लागलेली मूत्रपिंडे वाचवता येतात हे दाखवले.

३/ प्रेडनिसोन हे स्टेरॉइड. शरीरातच या जातीचे संप्रेरक अति झाले तर काय होते, ते हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिले होते : गोल चेहरा, पोटावर चरबी, चढलेला रक्तदाब. आता तेच रूप औषधाने येऊ लागले. यकृत जास्त साखर बनवी, शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होई.

४/ स्टेरॉइडची मात्रा कमी करता येईल, असे औषध हवे होते. नॉर्वेतील हार्डांगरव्हिडा पठारावरील मातीत सापडलेल्या एका बुरशीने ते दिले. बाझेलच्या सँडोझ कंपनीत १९७२ साली तिच्यातील सायक्लोस्पोरिनचा गुण ध्यानात आला. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मूत्रपिंडे टिकण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले.

५/ परंतु हे औषध मूत्रपिंडाला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म धमन्या आकसवते. मीठ-पाणी शरीरात साठते, रक्तदाब चढतो आणि तोच रक्तदाब नव्या मूत्रपिंडाला झिजवतो. क्रिएटिनिन वाढले की वैद्यांपुढे पेच पडे : शरीर अवयव नाकारते आहे, की औषधच बाधते आहे? पहिल्या स्थितीत उपचार वाढवायचा, दुसऱ्या स्थितीत मात्रा घटवायची.

६/ १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबातील मातीतून टॅक्रोलिमस हाती आले. रक्तदाब व कोलेस्टेरॉलचा त्रास तुलनेने कमी. पण स्वादुपिंडातील इन्सुलिनचे स्रवणे मंदावून मधुमेह अधिक. ईस्टर बेटावरील मातीतून सुरेंद्रनाथ सेहगल यांनी शोधलेल्या सिरोलिमसला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. ते रक्तातील चरबी वाढवते.

७/ म्हणूनच मूत्रपिंड ठणठणीत असतानाही हृदयविकाराने दगावणारे रुग्ण आढळतात, आणि तपासणीत रक्तदाब, साखर, चरबी कायम पाहिली जाते. हे दुष्परिणाम टाळावेत म्हणून औषध परस्पर बंद केले, तर मात्र अवयवच हातचा जातो.

८/ या इतिहासाला अपयशाचा इतिहास म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९५४ पूर्वी असा रुग्ण वाढलेल्या रक्तदाबाची चिंता करण्याइतका जगतच नसे.