काचेतला समुद्र आणि एक मोलकरीण

घरगुती मत्स्यालयाचा इतिहास सहसा फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथापासून सांगितला जातो. मला तो आठ वर्षं मागे न्यावासा वाटतो. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. समुद्र लांब, ताजं पाणी रोज मिळणार कुठून? मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं, म्हणजे हवेतला प्राणवायू त्यात मिसळे आणि प्रवाळ तगत. हे दमवणारं काम करी घरातली एक लहान मोलकरीण. तिला त्यात गंमत वाटे, असं थिनबाईंनी १८५९ साली छापलेल्या वृत्तांतात लिहिलं आहे. पुढे त्यांनी समुद्रशैवालाची जोड दिली. गॉस यांनी क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार केलं. आज हवेचं काम पंप करतो. तरी माशांच्या विष्ठेतून साचणारं नायट्रेट कमी करायला थोडं पाणी बदलावंच लागतं, आणि बादली कुणाला तरी उचलावीच लागते. म्हणून या इतिहासात त्या मुलीची नोंद मी गॉस यांच्या आधी करीन.