हलकी ढाल, पोकळ दाणे

लडाखमध्ये असताना नवी हलकी जॅकेटं आली. आमचे सुभेदार साहेब बाही चाचपत म्हणाले, "साहेब, हलकी आहेत खरी, पण भरवशाची आहेत का?" फौजी माणसाचा हा जुना प्रश्न. तोच प्रश्न अपोलो यानांच्या उष्णतारोधक ढालीपुढेही होता.

चंद्रावरून परतणारं यान सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरतं. ढालीचा पृष्ठभाग २,७०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो. अमेरिकेच्या ॲव्हको कंपनीनं त्यासाठी 'ॲव्हकोट' बनवलं: इपॉक्सी राळ, सिलिकाचे तंतू आणि फिनॉलिक राळेचे अतिसूक्ष्म पोकळ दाणे. या दाण्यांमुळे त्याची घनता पाण्याच्या जवळपास निम्मी झाली. आच लागली की राळ जळते, वायू बाहेर पडतात आणि मागे कोळशाचा सच्छिद्र फेस उरतो. तो आतल्या माणसांना आगीपासून वाचवतो.

हे मिश्रण मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत भरायचं होतं. जाळीला तीन लाखांहून अधिक घरं. कारागिरांनी प्रत्येक घर हातानं भरलं. मग क्ष-किरण तपासणी. दाण्यातली पोकळी हवी, भरणीतली नको. दोष दिसला की ते घर कोरून पुन्हा भरायचं. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी अपोलो ४ हे मानवरहित यान चंद्रावरून परतण्याच्या वेगानं खाली आणलं गेलं. ढाल टिकली. पुढच्याच वर्षी अपोलो ८ मधून तिघं जण चंद्राला प्रदक्षिणा घालून सुखरूप परतले.

गोष्ट इथे संपत नाही. २०२२ मध्ये आर्टेमिस १ परतलं, तेव्हा ढालीवरच्या कोळशाचे तुकडे शंभरहून अधिक ठिकाणी उडालेले होते. मिश्रण ॲव्हकोटच, पण आता ठोकळ्यांच्या रूपात बसवलेलं. यानात माणसं नव्हती. नासाच्या तपासात दिसलं, की यान वातावरणात एकदा बुडी मारून वर आलं, तेव्हा आच मंदावली. आत वायू तयार होत राहिले. मात्र वर पुरेसा सच्छिद्र कोळसा नव्हता. वायू कोंडले, दाब वाढला, तडे गेले. जमिनीवरच्या चाचण्यांत आच याहून कडक होती, म्हणून हा दोष तिथे दिसलाच नव्हता.

कडक सराव केला की सगळ्याची तयारी झाली, असं आपणही धरून चालतो. इथे दगा दिला तो मंद आचेनं.

सुभेदार साहेबांनी त्या रात्री जॅकेट घालून स्वतः पहारा दिला, मगच जवानांना वाटलं.

जय हिंद.