नळी आणि निचरा

१९६४ साली बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी एक टिपण लिहिलं. बागेतल्या नळीला हवा तेव्हा आणखी तुकडा जोडतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, असं त्यांचं म्हणणं. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ते करून दाखवलं. २००९ साली रायन डाल यांनी नोड.जेएस आणलं आणि नळी सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्येही आली. नावसुद्धा तेच, 'पाइप'. मोठी फाइल अख्खी मेमरीत न ओतता तुकड्यातुकड्याने वाहू लागली.

पण वाचणारा वेगवान आणि लिहिणारा संथ असेल तर मधलं भांडं उतू जातं. म्हणून भांडं भरलं की 'राइट' हे फंक्शन 'फॉल्स' म्हणतं, आणि रिकामं झालं की 'ड्रेन', म्हणजे निचरा झाल्याची वर्दी देतं. सुरुवातीला मात्र 'पॉज' ही नुसती विनंतीच होती. ती केल्यावरही तुकडे येऊ शकत. २०१३ च्या ०.१० आवृत्तीपासून मागितल्यावरच तुकडा मिळण्याची सोय झाली.

मी वर्गात श्रुतलेखन घालायचो, तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा कायम मागे पडायचा. मी पुढचं वाक्य सांगून मोकळा. त्याच्या वहीत गाळलेल्या जागा राहायच्या आणि मी गुण कापायचो. त्याचं 'थांबा गुरुजी' मला आत्ता हे वाचताना ऐकू आलं.