दाखल्यापलीकडचे

शिक्षकबंधूंनो, जून उजाडला की आपल्या शाळा भरतात. इंग्लंडातल्या रग्बीची शाळा मात्र १८४२ साली जूनमध्येच सुटत होती. ही शाळा सरकारी नव्हे. लॉरेन्स शेरिफ नावाच्या किराणा व्यापाऱ्याच्या देणगीतून ती १५६७ साली निघाली. १८२८ पासून थॉमस आर्नोल्ड तिचे मुख्याध्यापक होते.

शाळेची शिस्त त्यांनी सर्वांत वरच्या वर्गातल्या मुलांवर सोपविली. शाळा सोडणाऱ्या मुलाने नुसते ग्रीक-लॅटिन नेऊन काय करावे? जबाबदारी पेलायची सवयही त्याला हवी, असा त्यांचा हिशेब. यात धोका नव्हता असे नाही. मोठ्यांनी धाकट्यांना मारायची मुभाही त्यांनी ठेवली होती. अधिकार मिळाला की हात सैल सुटतो, हे तुम्ही-आम्ही जाणतोच!

११ जून, शनिवार. मुले गावोगाव निघाली. वरच्या वर्गातल्या काहींना आर्नोल्डांनी रात्री जेवायला ठेवून घेतले. रविवारी सकाळी हृदयविकाराने ते गेले. सत्तेचाळिसावा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता. मुलांचा निरोप तेवढा घेऊन झाला होता.

तुमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती दाखला तर पडेलच. आणखी काय द्याल?